शाळेचे अंगण, शाळेचे ताट : वाचकांचे प्रश्न

प्राथमिक शाळेतील व्यायाम आणि आहार या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर असा होता की, या विषयाचा अभ्यासक्रमात समावेशच नाही आणि तो करावा. वस्तुस्थिती तशी नाही. ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय पहिलीपासून आहे, त्याला वेळापत्रकात तासिका आहेत, परिसर अभ्यासात अन्नाविषयीचे पाठ आहेत आणि दुपारी शाळेतच ताट वाढले जाते. अडचण आहे ती कागदावरचे हे सारे अंगणात आणि ताटात उतरवण्याची. म्हणून त्या अंगाने आलेली पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथीची, द्विशिक्षकी, पट 31. शारीरिक शिक्षणाच्या तासिका वेळापत्रकात आहेत, परंतु वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाच्या चाचण्या इतक्या असतात की त्या तासिका तिकडेच जातात. मैदान म्हणजे शाळेपुढचे अंगण, तेही उताराचे. मला खेळाचे वेगळे प्रशिक्षण नाही. अशा स्थितीत नेमके काय करता येईल? — एक शिक्षिका, भोर तालुका

उत्तर : बाई, प्रथम एक कटू गोष्ट सांगतो. तुमच्या शाळेला क्रीडाशिक्षक मिळणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009च्या परिशिष्टात आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला खेळ शिकवायचा तो वर्गशिक्षकानेच, असे कायद्याने गृहीतच धरले आहे. त्यामुळे ‘सर येतील तेव्हा खेळ’ ही वाट पाहणे सोडून द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वयोगटातील मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे, म्हणजे उड्या, धावणे, चढणे, लोंबकळणे असे प्रकार त्यात असावेत. ही साठ मिनिटे सलग असावी लागत नाहीत. परिपाठानंतरची दहा मिनिटे, मधल्या सुट्टीतली पंधरा, एक तासिका आणि घरी जातानाची पायपीट मिळून ती भरू शकतात. मात्र तासिकेतली मिनिटे खरोखर हालचालीची आहेत का, हे तपासायला हवे.

ते तपासण्याचा एक साधा मार्ग मी सेवेत असताना फार उशिरा शिकलो. पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत मी खो-खो घेतला आणि मनाशी एकच मुलगी ठरवून, ती पळेल तेवढाच वेळ हातातले घड्याळ चालू ठेवले. मुलगी उत्साही होती, खेळ रंगात होता, ओरडा पार गावापर्यंत ऐकू जात होता. तासिका संपली तेव्हा तिचा प्रत्यक्ष पळण्याचा वेळ चार मिनिटांच्याही आत होता. हजेरी, रांग, गट पाडणे, नियम सांगणे, भांडण मिटवणे यांत बराच वेळ गेला होता आणि उरलेल्या वेळात ती बसून ‘खो’ मिळण्याची वाट पाहत होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात आणि त्यांपैकी आठ बसलेले असतात, ही त्या खेळाची रचनाच आहे. सामन्यासाठी ती सुंदर आहे, परंतु एकतीस मुलांच्या रोजच्या तासिकेसाठी नव्हे.

दुसरा दोष ‘बाद’ होण्याचा. लंगडी, चेंडूफळी, खुर्चीचा खेळ, सगळीकडे जो आधी बाद होतो तो कडेला बसतो आणि आधी बाद होतो तो नेमका अंगाने जड, हळू किंवा अशक्त असलेला मुलगा. ज्याला हालचालीची सर्वांत अधिक गरज आहे, त्यालाच आपण सर्वांत आधी सावलीत बसवतो. म्हणून खेळ निवडताना एकच कसोटी लावावी : यात कोणी बसून राहते का? विषामृत या कसोटीला पूर्ण उतरतो. ज्याच्यावर राज्य असते त्याने ‘विष’ दिले की मूल जागीच थिजते आणि दुसऱ्या कोणी हात लावून ‘अमृत’ दिले की पुन्हा पळू लागते. कोणी बाद होत नाही, आणि हळू पळणाऱ्यालाही इतरांना सोडवण्याचा मान मिळतो. एकतीस मुलांत राज्य तिघांवर द्यावे, म्हणजे कोणाला स्वस्थ उभे राहायला फुरसत मिळत नाही. लंगडीतही हाच बदल करता येतो. एकाऐवजी चार जणांनी लंगडी घालून पकडायचे आणि जो पकडला जाईल त्याने कडेला न जाता स्वतःच लंगडी घालायला लागायचे. एका पायावरच्या उड्यांनी हाडांना जो भार मिळतो, तो या वयात हवाच असतो.

अंगण लहान आणि उताराचे आहे म्हणता, तर फक्कीने त्याचे चार कोपरे करा. एका कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या, दुसऱ्यात जमिनीवर आखलेली ठिकरीची घरे, तिसऱ्यात भिंतीवर काढलेल्या वर्तुळात चेंडू मारणे, चौथ्यात आखलेल्या रेषेवरून डोक्यावर पाटी ठेवून तोल सांभाळत चालणे. प्रत्येक कोपऱ्यात सात-आठ मुले आणि चौथीतले एक मूल त्या कोपऱ्याचा कारभारी. चार मिनिटांनी थाळी वाजली की गटाने पुढच्या कोपऱ्यात जायचे. बहुवर्ग अध्यापनाची तुम्हाला सवय आहेच, हे त्याचेच अंगणातले रूप. उतारावर पळापळीचे खेळ टाळावेत, मात्र चढावर चालत जाणे आणि झपाझप परतणे हा स्वतंत्र व्यायाम होतो.

साहित्यासाठी समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000 रुपये क्रीडा अनुदानाची तरतूद आहे. बहुतेक शाळांत त्यातून कॅरम, बुद्धिबळ आणि एखादी बॅट येते, जी दोन-चार मुलांच्याच हाती राहते. त्याऐवजी दोरखंडाच्या दुकानातून मीटरवर दोरी आणून प्रत्येक मुलाच्या उंचीप्रमाणे तुकडे करावेत. एकतीस दोऱ्यांना एका बॅटीएवढाही खर्च येत नाही.

तासिका गणिताकडे जाते, याचे एक कारण तिची जागाही आहे. ती आपण दिवसाच्या शेवटी ठेवतो आणि दिवसभरातला सगळा उशीर तिच्या माथी येतो. ती परिपाठानंतरच्या दुसऱ्या तासिकेला आणून पाहा. निपुण भारत अभियान 2021मध्ये सुरू झाल्यापासून पायाभूत साक्षरतेचा ताण शाळांवर आहे, तो मी नाकारत नाही, आणि दोरीवरच्या उड्या पाचापाचाने मोजणे, ठिकरीच्या घरांत संख्या लिहून बेरीज करणे यांतून त्या कामालाही हातभार लागतो. पण खेळात गणित येऊ द्यावे, खेळाची तासिका मात्र गणिताला देऊ नये. या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसतात, अंगणात त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

जाता जाता एक. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तकातून ‘खेळात आवडीने भाग घेतो’ हे वाक्य एकतीस वेळा उतरवण्यापेक्षा ‘जूनमध्ये सलग चार उड्या, सप्टेंबरमध्ये सलग बावीस’ असे लिहा. त्या नोंदीचा तुम्हालाही उपयोग होईल आणि पालकांनाही.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. ‘संतुलित आहार’ या प्रश्नाचे तिने अगदी नेमके उत्तर लिहिले, पूर्ण गुण मिळाले आणि त्याच संध्याकाळी शाळेच्या फाटकाबाहेरून वेफर्सचे पाकीट व आंब्याचे पेय घेऊन आली. वर्गात दर आठवड्याला कोणाचा तरी वाढदिवस असतो व चॉकलेटे वाटली जातात. डबा मात्र अर्धा परत येतो. शाळेने वारानुसार डब्याची यादी दिली आहे, पण नोकरी सांभाळून ती पाळणे मला जमत नाही. शाळा शिकवते तरी काय, असा प्रश्न पडतो. — एक आई, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने उत्तर बरोबर लिहिले, कारण तिला तेवढेच विचारले होते. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे ही नावे पाठ करण्यात वाईट काही नाही, परंतु आठ वर्षांच्या मुलीच्या हाताला आणि जिभेला त्या नावांची ओळख नसते. तिला ओळख असते पाकिटाची. मग पाठ पाकिटापासूनच का सुरू करू नये?

वर्गात किंवा घरीही करता येईल असा एक प्रयोग सांगतो. पेयाच्या रिकाम्या पाकिटावर 100 मिलिलिटरमध्ये साखर किती, हे छापलेले असते. समजा ती 12 ग्रॅम आहे आणि पाकीट 200 मिलिलिटरचे आहे, तर साखर झाली 24 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण 4 ग्रॅमचा. चोवीस भागिले चार हे तिसरीचे गणित आहे. ते फळ्यावर सोडवून न थांबता मुलांच्याच हातांनी काचेच्या पेल्यात एकेक करून सहा चमचे साखर घालायला लावावी आणि तो पेला दिवसभर टेबलावर राहू द्यावा. वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाला साधारण 1,700 किलोकॅलरी लागतात. वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि 5 टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015मध्ये सांगितले. तो हिशेब अनुक्रमे 42 आणि 21 ग्रॅमचा होतो. म्हणजे ते एकच पाकीट खालची मर्यादा ओलांडून जाते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. कल्पना उत्तम आहे, फक्त फलक छापून आणून भिंतीला टांगला तर चार दिवसांत तो भिंतीचाच भाग होतो. मुलांनी स्वतः पाकिटे गोळा करून तो बनवला आणि दर महिन्याला बदलला तरच त्याकडे कोणी पाहील.

फाटकाबाहेरच्या विक्रीविषयी : अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020च्या विनियमांनुसार चरबी, साखर किंवा मीठ अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालक-शिक्षक संघाने शाळेमार्फत या नियमाचा लेखी आधार घेऊन पाठपुरावा करावा. मात्र बोरे, आवळे, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या मावशींना त्याच झटक्यात हाकलून देऊ नये. झाकण आणि स्वच्छ पाणी एवढी अट घालून त्यांना तेथेच राहू देणे मुलांच्या हिताचे आहे.

वाढदिवसाची चॉकलेटे बंद केली की पालक चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू पाठवतात आणि प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते. शेंगदाणे आणि राजगिरा चांगलेच, पण गूळ हीही शेवटी साखरच आहे. मला माहीत असलेल्या एका शाळेने निराळी वाट काढली. ज्याचा वाढदिवस असेल त्याने त्या दिवशीचा खेळ निवडायचा आणि सगळ्या वर्गाने तो खेळायचा, शिक्षकांसह. पहिल्या महिन्यात थोडी कुरकुर झाली, नंतर मुले आठवडाभर आधीपासून खेळ ठरवू लागली.

डबा अर्धा परत येतो, याचे खापर भाजीवर फोडू नका. सुट्टी वीस मिनिटांची असते, त्यात हात धुणे, डबा उघडणे, खाणे आणि खेळणे बसवायचे असते. खेळ प्रिय असल्यामुळे मूल चार घास घाईने खाऊन पळते. अमेरिकेतील काही शाळांत खेळाची सुट्टी जेवणाच्या आधी ठेवल्यावर ताटात उरणारे अन्न कमी झाल्याचे आढळले आहे. आपल्याकडेही आधी दहा मिनिटे खेळ, मग हात धुऊन डबा, हा क्रम शाळेला एक पैसा खर्च न करता लावता येतो. वारानुसारच्या यादीविषयी माझे मत थोडे कडक आहे. ज्या यादीत सोमवारी पराठा, मंगळवारी थालीपीठ, बुधवारी भाज्या घातलेले आप्पे असे असते, ती यादी शाळेने मुलांना दिलेली नसून आईला दिलेली असते. शाळेने वाराचा पदार्थ न सांगता एवढेच सांगावे की, डब्यात एखादे कडधान्य किंवा डाळ आणि एक कच्चे फळ वा भाजी असावी. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे. रात्री मूठभर शेंगदाणे किंवा हरभरे भिजत घालणे आणि सकाळी काकडी धुऊन डब्यात ठेवणे ही कामे तिची असू द्या. आपण ठेवलेली काकडी मूल सहसा परत आणत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेचा पट 40 आहे. दुपारच्या खिचडीतून मुले भाजीचे तुकडे वेचून बाजूला काढतात. परसबाग करून घरची ताजी भाजी दिली तर मुले खातील, असे समितीतील काहींचे म्हणणे आहे. तुमचा अनुभव काय? — शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, मोहोळ तालुका

उत्तर : आधी हिशेब पाहू. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल मिळायला हवे. त्यातून 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. तुमच्या चाळीस मुलांसाठी रोज 4 किलो तांदूळ, 800 ग्रॅम डाळ, 2 किलो भाजी आणि 200 ग्रॅम तेल लागेल. एक दिवस चौथीच्या मुलांच्या हाती तराजू देऊन शिजण्यापूर्वीचे हे सारे जिन्नस मोजायला लावा. मापनाचा पाठ होतो आणि समितीलाही जे कळायला हवे ते कळते.

रोज दोन किलो भाजी शाळेच्या परसबागेतून निघेल, या भ्रमात राहू नये. आमच्या शाळेत पहिल्या वर्षी आम्ही मेथीचे वाफे केले, मुलांनी वाट्यावाट्याने पाणी घातले आणि एका रविवारी शेळ्यांनी सगळी मेथी फस्त केली. दुसऱ्या वर्षी बोरीबाभळीचे कुंपण घातले. त्या वर्षी महिन्याभरात जी मेथी आली, ती चाळीस मुलांना एका दुपारपुरती झाली. पण त्या दुपारी खिचडीतली मेथी कोणी वेचून काढली नाही, उलट ‘आमच्या वाफ्यातली कुठली?’ अशी विचारणा झाली. परसबागेचा उपयोग तेवढाच आणि तो कमी नाही. पेरणी जूनअखेरीस आणि दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर करावी, कारण मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसते. हात धुण्याचे पाणी पन्हळीने वाफ्यात सोडावे. कुंपणाला शेवग्याचे दोन-तीन खुंट लावले तर पुढची कित्येक वर्षे पाला आणि शेंगा मिळतील.

भाजी वेचून काढण्यामागे बऱ्याचदा तुकड्यांचा आकार असतो. भोपळ्याच्या किंवा बटाट्याच्या मोठ्या फोडी पिवळ्या भातात सहज दिसतात आणि सहज निघतात. स्वयंपाकी ताईंना भाजी किसून किंवा बारीक चिरून डाळीबरोबरच शिजवायला सांगा. मात्र भाजी कायम लपवूनच खाऊ घालावी असेही नाही. आठवड्यातून एकदा ती वेगळी, नावानिशी वाढली जावी. मटकीला मोड आणण्याचे काम तिसरीच्या वर्गाकडे द्यावे. भिजवणे, फडक्यात बांधणे, रोज उघडून पाहणे हा परिसर अभ्यासातला बीज अंकुरण्याचाच पाठ आहे. मोड आल्याने कडधान्यातील लोह शरीराला अधिक सहज मिळते आणि ताटात लिंबाची फोड असेल तर आणखी मिळते.

जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा 1954चा आहे आणि ‘शोकुइकु’, म्हणजे अन्नशिक्षण, याचा स्वतंत्र कायदा 2005मध्ये झाला. तेथे प्राथमिक शाळेतील मुले पांढरा अंगरखा व टोपी घालून पाळीपाळीने वर्गाला जेवण वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर तेच अन्न खातात. आपल्याकडे पंगतीची रीत आहेच. वाढण्याची पाळी मात्र मुलांकडे द्यावी, त्यात मुलगे-मुली आणि सगळ्या वस्त्यांतील मुले सारखीच असावीत, आणि गुरुजींनी त्याच पंगतीत बसून तीच खिचडी खावी. गुरुजी स्वतःचा डबा कार्यालयात बसून खात असतील, तर मुलांनी त्या खिचडीची किंमत काय समजावी?

प्रश्न : अशा कार्यक्रमांमुळे मुलांमधील स्थूलता खरोखर कमी होते का? संशोधन काय सांगते? — एम.एड.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : थेट उत्तर द्यायचे तर, एकट्या शाळेच्या जोरावर वजनात मोठा फरक पडल्याचे भक्कम पुरावे नाहीत. तुमच्या प्रबंधासाठी दोन अभ्यास मूळातून वाचा. अमेरिकेत 1991 ते 1994 या काळात ‘कॅच’ नावाचा प्रयोग चार राज्यांतील 96 शाळांत, तिसरी ते पाचवीच्या मुलांवर झाला. त्यात वर्गातले पाठ, शारीरिक शिक्षणाच्या तासिका, शाळेचे जेवण आणि काही शाळांत कुटुंबाचा सहभाग अशी सगळी अंगे होती. शाळेच्या जेवणातील स्निग्ध पदार्थांपासूनच्या ऊर्जेचा वाटा 38.7 टक्क्यांवरून 31.9 टक्क्यांवर आला आणि तासिकेतील दमछाकीच्या हालचालीचा वेळ वाढून निम्म्याच्या वर गेला. तरीही वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय), रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांत इतर शाळांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. मुले मोठी होऊन आठवीत गेली तेव्हा आहाराच्या व हालचालीच्या काही सवयी मात्र त्यांच्यात टिकून होत्या. इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्स भागातील 54 प्राथमिक शाळांत झालेल्या आणि 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेव्हज’ अभ्यासात रोज अर्धा तास अधिक हालचाल आणि पालकांसह स्वयंपाकाच्या कार्यशाळा होत्या. तेथेही वजनात लक्षणीय फरक दिसला नाही.

यावरून हे कार्यक्रम व्यर्थ आहेत, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. आपण भाषेच्या तासिकेचे मोजमाप घरातील वर्तमानपत्रांच्या संख्येवरून करत नाही. शाळेच्या हातात जे आहे, म्हणजे तासिकेतली हालचाल, ताटातले अन्न, मुलाला येणारी कौशल्ये, तेच मोजावे, आणि वजनासाठी बाजार, घर, रस्ते यांनाही जाब विचारावा. आपल्याकडे तर वजन घटवणे हे एकमेव उद्दिष्ट असूही शकत नाही. 2016 ते 2018मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वयोगटातील 22 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, 23 टक्के कृश आणि 4 टक्के अतिवजनाची आढळली. एकाच बाकावर हे तिन्ही प्रकार बसलेले असतात. म्हणून प्रबंधासाठी परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतरित करून वापरू नका, एवढी विनंती.

प्रश्न : वर्गात सर्वांसमोर वजन घेतल्यावर एका मुलाला ‘ढोल्या’ हे नाव पडले. तो आता खेळायलाच येत नाही. — एक शिक्षक, नागपूर

उत्तर : वजन-उंची घेणे आवश्यक आहे, आकडा मोठ्याने वाचणे आवश्यक नाही. पुढच्या वेळी वजनकाटा कार्यालयात ठेवा, एकेकाला बोलवा, नोंद वहीत करा आणि काही सांगायचे ते पालकांना एकट्याने सांगा. मोठ्या माणसांच्या वजन-उंचीच्या निर्देशांकाची 25 ही मर्यादा मुलांना लागू होत नाही, त्यांचे मोजमाप वय आणि लिंग पाहून वाढीच्या तक्त्यावर करावे लागते. म्हणून ‘लठ्ठ’ किंवा ‘कुपोषित’ हा शिक्का शिक्षकाने मारूच नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, शंका असेल तर त्यांच्यापुढे मुलाला उभे करावे.

त्या मुलाला खेळात आणण्यासाठी त्याची समजूत घालू नका, त्याला एखादे काम द्या. अंगाने दणकट मूल रस्सीखेचीत, वजनदार चेंडू फेकण्यात किंवा साखळीच्या खेळात टोकाला उभे राहण्यात उपयोगी ठरते. त्याच्यावाचून गट हरतो, असा एखादा खेळ आठवडाभर घ्या. आणि टोपणनाव ज्यांनी पाडले त्यांना रागावण्यापूर्वी, शिक्षकांच्या खोलीत आपण एकमेकांना काय म्हणतो तेही जरा आठवून पाहावे.

प्रश्न : आम्ही चार किलोमीटर चालत शाळेत जात होतो. नातवाची शाळा घरापासून दीड किलोमीटर आहे, तरी रिक्षा लावली आहे. सूनबाई म्हणतात रस्ता धोक्याचा आहे. यावर शाळा काही करू शकते का? — एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : सूनबाईंचे म्हणणे खरे असण्याचा संभव अधिक आहे. आपल्या लहानपणी त्या रस्त्यावर डंपर नव्हते. शाळेला एवढे करता येईल की, एका आळीतील मुलांचा गट करून रोज दोन पालकांनी पाळीपाळीने त्यांना चालत आणावे, किंवा रिक्षा फाटकाशी न थांबता अर्धा किलोमीटर आधी, पदपथ असलेल्या ठिकाणी थांबावी. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेने 2012मध्ये मुलांना रोज पंधरा मिनिटे शाळेच्या आवाराभोवती चालायला-पळायला नेण्यास सुरुवात केली. त्याला गणवेश बदलावा लागत नाही आणि साहित्यही लागत नाही. ही पद्धत नंतर अनेक देशांत पोहोचली. कोकणात पावसाळ्याचे चार महिने सोडून आपल्या शाळेलाही ते जमेल, मुख्याध्यापकांशी बोलून पाहा. तोवर सकाळची रिक्षा राहू द्या. संध्याकाळी मात्र तुम्ही स्वतः शाळेत जा, दप्तर तुमच्या खांद्यावर घ्या आणि त्याला मागच्या पाखाडीने चालत घरी आणा.